पौर्णिमेच्या आधी पंचनामा

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे बंदरावरून परत आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "होरी हाय. पन होरी नाय." मग चहा मागितला. दूध नासलेलं होतं, म्हणून कोराच दिला. तो त्यांनी बशीत ओतून, फुंकर मारत, अगदी सावकाश प्यायला. दोन वेळा विचारलं तरी पुढे काही सांगितलं नाही. शेवटी मीच दिराला घेऊन आमची होडी बघायला गेले.

मी गिरगावातली. लग्न होऊन मढला आले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मढ मुंबईतच आहे, पण मुंबईसारखं वागत नाही. मालाड स्टेशनाहून २७१ नंबरची बस मार्वे रोडने येते आणि मढ जेट्टीला संपते, कारण पुढे पाणीच आहे. खाडीपलीकडे वर्सोवा समोर दिसतं. होडीने पाच मिनिटं, रस्त्याने जायचं म्हटलं तर मालाडपर्यंत उलटं जाऊन अंधेरीमार्गे मोठा वळसा. गल्लीत कुणाकडे पाहुणा आला, कुणाच्या घरी आज काय शिजलं, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. सुरुवातीला मला त्याचा जाच वाटायचा. त्या मे महिन्यात त्याच्याच जिवावर निभावलं.

वादळ २०२१चं. १७ मे, सोमवार. तौक्ते हे नाव म्यानमारने दिलेलं, अर्थ पाल. शुक्रवारी अक्षय्य तृतीयेला आमरस वाढताना टीव्हीवर कुणीतरी हा अर्थ सांगितला, तर सासूबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या, "चुकचुकली म्हनजे झाला." आम्ही हसलो. बाहेर मात्र कुणी हसण्यावारी नेलं नव्हतं. वायरलेसवरून निरोप गेले होते, लांब गेलेल्या बोटी एकेक करून परत येत होत्या. शनिवारी-रविवारी सगळ्यांनी होड्या खाडीत आत घेतल्या, दुहेरी नांगर टाकले, शेजारच्या होडीला दोर बांधला. हा शहाणपणा नेहमीचा. वारा ताशी चाळीस-पन्नासचा असेल तर एकमेकींना बांधलेल्या होड्या एकमेकींना सावरतात. पण सोमवारी कुलाब्याच्या वेधशाळेत ताशी ११४ किलोमीटर वाऱ्याची नोंद झाली. तेवढ्या वाऱ्यात एकीचा नांगर निघाला की ती शेजारणीला घेऊन जाते, शेजारीण तिच्या शेजारणीला.

हे आकडे आम्हाला तीन दिवसांनी कळले. सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस, तोही मे महिन्यात! सोमवारी दुपारी आम्हाला एवढंच कळत होतं की मागच्या पडवीचा तिसरा पत्रा उचलला जातोय. नवरा आणि दीर त्याला आतून दोराने धरून लटकले होते. पहिले दोन पत्रे कुठे गेले ते आजतागायत माहीत नाही. एखाद्या फार्महाऊसच्या बागेत पडले असतील.

तर होडी. बंदराच्या टोकाला जे काळे खडक आहेत त्यांच्यावर ती कुशीवर पडली होती. चार सिलिंडरची लाकडी होडी, डोल जाळ्याची, एकोणीस वर्षांची. वाडवडिलांची वगैरे नाही, सासऱ्यांनी कर्ज काढून बांधलेली आणि ते कर्ज फेडलेली. एका बाजूच्या फळ्या पार उघड्या पडल्या होत्या, आतलं इंजिन दिसत होतं. पुढची नाळ, जिच्यावर नाव आणि नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, ती जागेवर नव्हतीच. जाळ्यांचा एक गोळा शेजारच्या होडीच्या पंख्यात, एक खडकात, आणि उरलेली जाळी समुद्रात. त्या खडकांवर आणखी सात होड्या होत्या. कुठली फळी कुणाची, हे ओळखणारे लोक तिथे उभे होते आणि कुणी कशाला हात लावत नव्हतं.

हात का लावत नाहीत ते मला बुधवारी कळलं. मच्छीमार सोसायटीतून निरोप आला: पंचनामा होईपर्यंत बोट हलवू नका, फळ्या उचलू नका, आहे तसं ठेवा, फोटो काढा. ऐकायला सरळ वाटतं. पण एखादं घर पडलं तर ते पडलेल्या जागी पडून राहतं. होडी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पडलेली असते. वादळाच्या फुगलेल्या पाण्याने होड्या वर खडकांवर नेऊन टाकल्या होत्या, आणि नंतरचे चार-पाच दिवस भांगाचे होते, म्हणजे भरती जेमतेम, पाणी होडीच्या खाली हातभर अंतरावर येऊन परत जायचं. एवढीच काय ती कृपा. पण पौर्णिमा होती २६ मेला. सासऱ्यांनी बोटांवर तिथ्या मोजल्या आणि सांगितलं की एकादशीनंतर पाणी चढायला लागेल, पौर्णिमेच्या उधाणाला ते खडक बुडतील आणि उरलेली होडी दोन भरत्यांत मोकळी होईल. "मंग कसला पंचनामा करतील? दर्याचा?"

म्हणजे आमच्या हातात एक आठवडा होता.

या आठवड्यात वीज नव्हती, हे आधी सांगायला हवं, कारण सगळ्याला त्याने वेळ लागत होता. मार्वे रोडवर झाडं आडवी, त्यांच्याखाली तारा, खांब कललेले. बस बंद. त्यात करोनाची दुसरी लाट, निर्बंध चालू, दुकानं सकाळी सात ते अकरा. ताडपत्री घ्यायला नवरा मंगळवारी चालत आणि मग कुणाच्या तरी टेम्पोतून मालाडपर्यंत गेला, तर रांग लावून अकराला शटर खाली. बुधवारी मिळाली, आदल्या आठवड्याच्या दीडपट भावाने. माझं ऑफिस अंधेरीचं, काम घरून चालू होतं, पण लॅपटॉप सोमवारी दुपारीच मान टाकून बसला. साहेबांना "वीज नाही" असा मेसेज करायलाही फोन चालू नव्हता. पाणी यायचं पण पंप नाही, म्हणून खालच्या नळावरून कळशांनी वर.

फोन चार्ज करायची सोय शेवटी होडीच्याच बॅटरीने झाली. आमच्या नव्हे, चुलत सासऱ्यांच्या. त्यांची बोट वाचली होती. त्यांनी बारा व्होल्टची बॅटरी काढून ओट्यावर आणून ठेवली, तिला गाडीतला चार्जर जोडला, आणि गल्लीतल्या बायका पिठाच्या गिरणीवर डबे लावतात तसे फोन रांगेने लावायला लागल्या. प्रत्येकाला वीस टक्के. एकवीस झाले की आरडाओरडा. संध्याकाळी त्याच बॅटरीवर एक दिवा. त्या दिव्याखाली मी पंचनाम्याचे अर्ज लिहायला सुरुवात केली.

ते काम माझ्याकडे कसं आलं, तर अक्षर चांगलं म्हणून. आधी आमचा, मग दिराच्या मित्राचा, मग शेजारच्या आजींचा. करता करता अकरा घरांचे झाले. प्रत्येकाला लागायचं ते असं: बोटीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, आधार, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, बोटीचे फोटो, सोसायटीचा दाखला. कागद बहुतेकांचे होते, पण कुठे होते? बऱ्याच जणांचे होडीतच, केबिनच्या फळीमागे प्लास्टिकच्या पिशवीत, कारण समुद्रात तपासणी झाली तर दाखवायला लागतात. एका काकांनी अशी पिशवी आणून माझ्या पुढ्यात उघडली तर आत लगदा. आम्ही तो लगदा ताटात पसरून उन्हात ठेवला. नोंदणी क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे वाचता आले. उरलेले सोसायटीच्या डिझेलच्या वहीत सापडले. ती वही त्या आठवड्यात सरकारी गॅझेटपेक्षा मोलाची होती. कुणी किती डिझेल उचललं त्याची नोंद, म्हणून बोट चालू होती याचाही पुरावा.

आमचे कागद घरी होते, सासूबाईंच्या लुगड्यांच्या ट्रंकेत. आमची अडचण निराळी. होडीवर नंबरच नव्हता. आठ होड्यांच्या ढिगात ही अमुकच होडी अमक्याचीच हे कसं दाखवणार? सासरे म्हणत, "मी सांगतंय ना." मी म्हणाले, "बाबा, तुमच्या सांगण्याचा फोटो येत नाही." ते माझ्यावर रागावले. ते एकदाच.

शुक्रवारी गावच्या ग्रुपवर एक फोटो आला. वर्सोव्याच्या बाजूला, कचऱ्यात आणि खारफुटीच्या काटक्यांत अडकलेली एक निळी फळी, तिच्यावर पांढऱ्या रंगात अर्धं नाव आणि पुरा नंबर. "कोणाची हाय?" सासऱ्यांना दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "निला रंग गेल्या साली मीच लावलाय." दीर आणि चुलत सासरे दुपारी जाऊन फळी घेऊन आले. येताना वर्सोव्याच्या त्या माणसाने एक पापलेटही दिलं म्हणे. वादळानंतर मासळी कुणाकडेच नव्हती, तरी दिलं. मग आम्ही फळी खडकापाशी नेऊन होडीला टेकवली, मोडलेल्या कडा एकमेकींशी जुळवल्या आणि तारीख-वेळ उमटणाऱ्या ॲपने फोटो काढले. समोरून, बाजूने, सासऱ्यांना शेजारी उभं करून. त्यांनी त्या फोटोसाठी घरी जाऊन शर्ट बदलला होता.

वीज गुरुवारी रात्रीच आली होती. आल्या आल्या पहिल्यांदा टीव्हीवर मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ कामगारांना घेऊन बुडालेल्या बार्जची बातमी पाहिली. २६१ माणसं होती तिच्यावर, १८६ वाचवता आली. जेट्टीवर दोन-तीन दिवस तेच बोलणं. समुद्रात मोठी माणसं मोठ्या बोटींवर थांबली आणि आमच्या लहान होड्या शुक्रवारीच परतल्या, यावर जो तो आपापलं मत द्यायचा. सासरे मत द्यायचे नाहीत. ते उठून घरी यायचे.

आता सासूबाईंकडे येते. खरं तर हे मी त्यांच्यासाठीच लिहायला घेतलं आणि होडीतच अडकले. तेव्हाही असंच झालं होतं.

मे महिना म्हणजे आमच्याकडे आगोटीचा. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, तेव्हा घर चालतं ते सुक्या मासळीवर. एप्रिल-मेमध्ये बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, टांगायचे, जवळा खळ्यावर पसरायचा, वाळला की गोण्या भरायच्या, आणि जून ते ऑगस्ट मालाडच्या बाजारात बसून विकायच्या. ही मासळी सासूबाई नवऱ्याच्या होडीतून फुकट घेत नाहीत. हिशेब असतो. काही बाहेरूनही विकत घेतात, त्यासाठी बायकांच्या भिशीतून पैसे उचलतात. होडी त्यांची, सुका बाजार हिचा, असा तीस वर्षांचा रिवाज.

बोंबील नीट वाळायला दोन-तीन कडक उन्हं लागतात. रविवारी वलांडीवर होते ते एका उन्हाचे. वारा सुटल्यावर आम्ही चौघींनी ते ओढून काढले, गोण्यांत कोंबले आणि आतल्या खोलीत खाटेवर रचले. अर्धवट वाळलेला बोंबील आणि बंद खोली, वर पत्र्यातून गळणारं पाणी. बुधवारी गोणी उघडली तेव्हा वास नुसता आला नाही, अंगावर आला. गुरुवारी अळ्या. जवळा तर भिजून चिखल झाला होता. सहा गोण्या होत्या, त्यातली दीड वाचली, तीही आधीची, पुरती वाळलेली. उरलेला माल आम्ही रात्री समुद्रात टाकला. दिवसा टाकायला सासूबाई तयार नव्हत्या. बाहेरच्या वलांडीचे बांबू मोडून रस्त्यापर्यंत गेले होते, ते मात्र दिवसाच गोळा केले.

सोमवारी, २४ तारखेला, पंचनाम्याला माणसं आली. मत्स्यव्यवसाय खात्याचे एक तरुण अधिकारी, बरोबर एक कर्मचारी, सोसायटीचे सेक्रेटरी आणि गावातले दोन पंच. साहेब सकाळपासून तीसेक होड्या बघून आले होते, बूट चिखलाने भरलेले, मास्क घामाने ओला. मी आधीच ठरवलं होतं की भांडायचं नाही. कागद मी क्रमाने लावून फाइलमध्ये दिले तेव्हा ते म्हणाले, "ताई, आज पहिल्यांदा अशी फाइल बघतोय," आणि मला उगाच आनंद झाला.

फॉर्मवर रकाने होते: बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, मालक, लांबी, इंजिन, नुकसान अंशतः की पूर्णतः. जाळी अंशतः की पूर्णतः. नंबरची फळी दाखवली, कडा जुळवून दाखवल्या, त्यावर काही प्रश्नच आला नाही. प्रश्न आला तो 'पूर्णतः'वर.

"इंजिन तर दिसतंय," साहेब म्हणाले. "मग अंशतः होईल."

सासरे इतका वेळ गप्प होते. "साहेब, इंजिन पाठीला बांधून पवू काय दर्यान?"

पंचांपैकी एक हसले. साहेबही मास्कच्या आत हसले असावेत. मग सेक्रेटरींनी सुताराला पुढे केलं. त्याने होडीखाली वाकून दाखवलं की तळाचा मुख्य वासाच मोडलाय, वरच्या फळ्या बदलून ही उभी राहणार नाही, नवीन बांधल्यासारखंच काम आहे. साहेबांनी खाली बसून, मोबाइलचा दिवा लावून, खरोखर बघितलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण न बघताही ते लिहून जाऊ शकले असते. उठले आणि 'पूर्णतः' लिहिलं. जाळ्यांपुढेही.

सह्या चालू असताना सासूबाई पुढे आल्या. डोक्यावर पदर, हातात ती वाचलेली अर्धी गोणी. कशाला आणली होती कुणास ठाऊक. "आनि माज्या सुक्या म्हावऱ्याचा काय?"

साहेबांनी फॉर्म उलटा करून मागची बाजू पाहिली. "आजी, यात त्याला रकाना नाही."

"करा ना येक."

"मला करता येत नाही हो."

बाईने यावर काही केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ओरडली असती, रडली असती. तिने गोणी खाली ठेवली आणि विचारलं, "चाय घेनार?" साहेबांनी चहा घेतला. आमच्या गल्लीत त्या दिवशी ज्या नऊ बायकांनी हाच प्रश्न विचारला, त्या सगळ्यांना हेच उत्तर मिळालं. होडी नवऱ्याच्या नावावर असते, तिला नंबर असतो, परवाना असतो, डिझेलची वही असते. वलांडीला काय असतं?

त्या रात्री मी साध्या कागदावर अर्ज लिहिला. सहा गोण्या, पैकी साडेचार वाया, माल कोणता, बाजारभावाने किंमत किती, भिशीतून उचललेले पैसे किती. नऊ जणींचे नऊ. नवरा म्हणाला, कशाला, काही होणार नाही. त्याचं बरोबर होतं, पण मी तोवर अकरा फायली पुरुषांच्या केल्या होत्या आणि मला ते बोचत होतं. बस सुरू झाल्यावर कार्यालयात नेऊन दिले. खिडकीवरच्या माणसाने हे आमच्याकडे येत नाही असं सांगितलं. मी म्हटलं, नसू दे, आवक क्रमांक तर द्या. दोन तास बसले. शिक्के मिळाले.

पौर्णिमेला दुपारी सगळी गल्ली बंदरावर गेली होती. पाणी सासऱ्यांनी सांगितलं तितकंच चढलं, खडक बुडले. तोपर्यंत इंजिन, पंखा, चांगल्या फळ्या, दोर, सगळं काढून झालं होतं, कारण पंचनाम्यानंतर हात लावायला मोकळीक होती आणि मधल्या दोन दिवसांत सगळ्या पोरांनी मिळून आठही होड्या सोडवल्या होत्या. उरलेला सांगाडा दोनदा उचलला गेला, तिसऱ्यांदा वळला आणि फुटला. सासरे शेवटपर्यंत थांबले नाहीत. त्यांना भरतीची वेळ पाठ होती, त्यांना बघायची गरज नव्हती.

मेच्या अखेरीस सरकारने मदत जाहीर केली. पूर्णतः नष्ट झालेल्या बोटीला २५ हजार, अंशतः मोडलेलीला १० हजार, जाळ्यांना ५ हजार. सुताराचा अंदाज सहा लाखांचा होता. विमा नव्हता, जुन्या लाकडी होडीचा हप्ता भरण्यापेक्षा दोन फळ्या बदलाव्यात असंच सगळ्यांचं गणित असतं. पैसे खात्यात आले गणपतीच्या आधीच्या आठवड्यात. तोपर्यंत सासरे चुलत भावाच्या बोटीवर जायला लागले होते, साठाव्या वर्षी, स्वतः नाखवा असलेला माणूस दुसऱ्याच्या होडीवर. ते याबद्दल बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. इंजिन विकायचं की ठेवायचं यावर घरात अजून वाद आहे. ते पडवीत ताडपत्रीखाली आहे आणि दर रविवारी कुणीतरी त्याला तेल देतं.

सासूबाई त्या पावसाळ्यात बाजारात बसल्या नाहीत. दीड गोणी सुकी मासळी घेऊन बसायची लाज वाटते म्हणाल्या. भिशीचे पैसे माझ्या पगारातून फेडले, ते त्यांनी पुढच्या मेपर्यंत हप्त्याहप्त्याने माझ्या हातात परत ठेवले. नको म्हटलं तर रागावल्या. तो शिक्क्याचा कागद आधारकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पाकिटात आहे. कुणी सरकारी माणूस गल्लीत आला, मग तो मतदारयादीवाला असो की डासांची फवारणीवाला, की पाकीट बाहेर निघतं.

वलांडी पावसाळा संपल्यावर नव्या बांबूंची उभी केली. ती निळी फळी तिच्या एका खांबाच्या बुडाला ठोकली आहे, बांबू वाळूत खचू नये म्हणून. नंबर अजून वाचता येतो. मी नंतर रंग द्यायचा का विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "कशाला? बोंबलांना लागतंय काय रंग?" आणि टांगायला पुढची जोडी उचलली.